कडेपलीकडचा डाग

"डाग तर सूर्याच्या कडेपलीकडे गेला होता. मग आई कशी गेली?"

शाल्मलीने हे विचारलं आणि त्र्यंबकआजोबांचा संगणकाच्या पडद्यावरचा हात थबकला. आजोबांच्या वेधशाळेत राहायला आल्यापासून ती फारशी बोललीच नव्हती. तिची आई चंद्रावरच्या तळावर खडकांचा अभ्यास करायची. सूर्यावरचा धोक्याचा डाग कडेआड मावळला म्हणून गेल्या वर्षी ती उघड्यावर कामाला गेली आणि त्याच दिवशी सौरज्वाला (सूर्यावरचा प्रचंड स्फोट) उसळली. त्यातच तिचा जीव गेला.

"सौरडागापाशी चुंबकीय क्षेत्र फार जोरदार असतं," आजोबा हळूहळू सांगू लागले. "आतली उष्णता ते वर येऊ देत नाही. म्हणून ती जागा भोवतालपेक्षा थंड पडते, काळी दिसते. तिथल्या चुंबकीय रेषा पिळवटून तुटल्या आणि नव्याने जुळल्या, की ज्वाला उसळते. कधी कधी तिच्याबरोबर विद्युतभारित कण सुटतात. ते शरीरात घुसतात."

"पण पलीकडून इकडे कसे येतात?"

आजोबांनी तिला खिडकीशी नेलं. हिरवळीवर गोल फिरणारा फवारा चालू होता.

"थेंब सरळच सुटतात, पण नळी फिरते म्हणून धार वाकडी दिसते ना? सूर्यही फिरतो, म्हणून त्याच्यापासून निघालेल्या चुंबकीय रेषा अशाच वाकतात. कण त्या वाकड्या रेषांवरून वळत कडेपलीकडूनही येतात. गेल्या वर्षीचा तो डाग पलीकडे जाऊन वाढला, आणि तिकडे बघायला तेव्हा आपलं यान नव्हतं. आता आहे."

इतक्यात पडद्यावरून चंद्रतळाचे प्रमुख देवव्रतकाका बोलू लागले. "डॉक्टर, डाग मावळला. माणसं बाहेर पाठवू? बाहेरचं पाण्याचं यंत्र गोठायला लागलंय."

आजोबांनी यानाने पाठवलेलं चित्र पाहिलं. पलीकडे डाग आणखी गुंतागुंतीचा झाला होता.

"नको. ज्वालेची शक्यता निम्म्याहून जास्त आहे."

"म्हणजे नक्की नाही!"

"नक्की कधीच सांगता येत नाही, देवव्रत."

शाल्मली पुढे झाली. "काका, माझी आई अशाच दिवशी बाहेर गेली होती."

मग देवव्रतकाका म्हणाले, "आत थांबतो."

यंत्र गोठून निकामी झालं. दुपार उलटली तरी सूर्य शांतच. आजोबा जेवले नाहीत. संध्याकाळी यानाच्या चित्रात कडेमागे पांढरा लखलखाट झाला आणि थोड्याच वेळात चंद्रावरच्या कणमापकांचे आकडे चढू लागले.

"सगळे जमिनीखाली आहोत," देवव्रतकाका एवढंच म्हणाले.

शाल्मलीला आनंद झाला नाही. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, आजोबांना घट्ट धरून. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पलीकडे आणखी कुठले डाग आहेत? मला ओळखायला शिकवा."