बैलमोडवरचा टाळ

देवाचं नाव घेऊन हात घातला की लोखंडही ऐकतं, असं घनश्यामचं म्हणणं होतं. उमरखेडच्या नाक्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. कुणाचा वखर, कुणाची ट्रॉली, कुणाचं फाटक, जे येईल ते जोडून द्यायचं. दुकान बंद केलं की हात घासून धुवायचे आणि भजनी मंडळात जाऊन टाळ धरायचा. पंचक्रोशीत कुठं कीर्तन आहे असं नुसतं कानावर आलं, तरी हा ताटावरून उठून जाणार आणि बुवांच्या मागं टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहणार. अंधारात, अनोळखी गावात, रस्ता विचारायचीही त्याला गरज पडत नसे. टाळ ऐकायचा आणि आवाजाच्या दिशेनं चालत सुटायचं. "टाळानं आजवर मले कधी वाट चुकवली नाई," हे तो अभिमानानं सांगायचा.

तोच माणूस एका उन्हाळ्यात जीप बांधायला बसला, त्याला कारण होती त्याची थोरली बहीण इंदूबाई. तिला तो नुसतं 'बाई' म्हणायचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. बाई दिली होती डोंगरापलीकडं, चिंचखोरीला. दोन वर्षांपासून तिची किडनी कामातून गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला उमरखेडला आणावं लागे. गेल्या पावसाळ्यात चिंचखोरीच्या नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, वाहून गेला आणि डायलिसिसची एक पाळी चुकली. बाई अशी सुजली, की हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी घनश्यामला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा पाळी चुकली तर आमच्या हातात काही राहणार नाही.

"माह्याकडं येऊन राहा," घनश्याम म्हणाला.

"अन् सासूले कोण पाहील? आंधळं माणूस ते. तिले माह्या हाताबिगर घासबी गिळत नाई."

बाईपुढं कुणाचं चालत नसे. रपटा तर बांधला गेला नव्हताच. उरली डोंगरावरची जुनी गाडवाट. तिच्यावरच्या अवघड उताराला लोक बैलमोड म्हणत. तिथं बैलाचं कंबरडं मोडतं, म्हणून बैलमोड.

जीप मिळाली राजूरकडच्या भंगारात. फोर-बाय-फोर, पण सांगाडाच उरलेला. घनश्यामनं चेसिस सरळ केली, तडे भरले, स्प्रिंगांना जादा पाटे घालून गाडी हातभर वर उचलली, ट्रॅक्टरसारखे खोल नक्षीचे टायर चढवले. इंजिनाची हवा घ्यायची नळी टपापर्यंत वर नेली, म्हणजे पाण्यात गाडी गुदमरायला नको. आणि रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला भीमराज यायचा. भीमराज त्याचा शाळेपासूनचा दोस्त. राजूरच्या कोळसा खाणीत डंपर चालवण्यात त्याची उमर गेली होती, आता रिटायर होऊन गावी आलेला. सकाळी विहारात वंदना, दिवसभर लोकांच्या गाड्यांना नावं ठेवणं.

"एवढी उंच केली तू, बाईले चढाले शिडी लागंल का नाई?"

"स्टूल बनवतो."

"बनव. अन् तुले चालवाले अक्कल, थे कुठं वेल्डिंग होते?"

जीपचा तळपत्रा उचलला त्या दिवशी खाली कोळशाची बोटभर भुकटी निघाली. त्या काळ्या थरात एक गोल वस्तू रुतून बसली होती. घनश्यामनं ती पुसली. पितळी टाळ. पण एकच. जोडीचा दुसरा नाही. मधल्या भोकात दोरीचा तुटका तुकडा होता आणि काठाला एका जागी कपचा उडालेला.

भीमराजनं तो हातात घेऊन खाली-वर केला. "खाणीतल्या गाडीत टाळ? अन् एकच?"

"कोणी तरी भजनी माणूस असंल."

"दे टाकून. एक टाळ काय कामाचा."

"टाळ टाकून देत नसतात, भीमा."

घनश्यामनं तो चिंचेनं घासून लख्ख केला, त्याला बुक्का लावला आणि नवी दोरी ओवून आरशाखाली टांगला. एकट्या टाळाला नाद नसतो. दोरीला लोंबून तो नुसता मुकाट हलत राहायचा.

मग शिकणं सुरू झालं. गावाबाहेरच्या जुन्या खदानीत भीमराज त्याला घेऊन जाई. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, दगडावर चाक फिरलं तर मोडतात. उतारावर क्लचला पाय लावायचा नाही, फोर-बाय-फोरची दांडी 'लो'मध्ये टाकून पहिला गिअर घातला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि चाक जाण्याआधी तिथं माणसाचा पाय गेला पाहिजे. म्हणून भीमराज पुढं उलटा चालायचा आणि हातांनी खुणा करायचा. पण चढावर बॉनेट वर झालं की समोर नुसतं आभाळ. माणूस दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाक विरून जाते.

यावर तोड घनश्यामनंच काढली. भजनी मंडळातला आपला टाळजोड त्यानं भीमराजच्या हातात दिला. "सावकाश वाजवला तं मी येतो. घाईघाईनं वाजवला तं थांबतो. बंद केला तरी थांबतो."

भीमराजला ते फारसं पटलं नाही. "ठीक हाय. पण माही एक गोष्ट ध्यानात ठेव. शंका आली का गाडी उभी कराची. ऐकू येते म्हणून येऊ नको बे, दिसतो तं ये."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी खदानीच्या चढावर घनश्याम टाळाच्या अंदाजानं छान वर आला. गाडी सपाटीला लागली, तर भीमराज बाजूच्या दगडावर बसलेला, टाळ मांडीवर.

"काहून आला? मी बंद केला होता. मुद्दाम."

"मले तं ऐकू येत होता."

"तुह्या कानात कीर्तन भरलं आहे, दुसरं काई नाई," भीमराज म्हणाला आणि हसला. घनश्यामही हसला. गाडी बंद करताना त्याचा हात आरशाखालच्या टाळाला लागला. तो कोमट होता. ऊन पडलंय काचेवर, असं त्याला वाटलं. ऊन त्याच्या पाठीमागं होतं.

ज्यानं टाळ धरलाय त्याला हे माहीत असतं. कीर्तन रंगलं, हात तासभर चालला, की पितळ तापतं. पूजेतल्या घंटेसारखं गार राहत नाही. वाजलेला टाळ हातालाच कळतो.

पावसाळा लागायच्या आधी दोघं पहिल्यांदा बैलमोडवर गेले. सकाळ होती, पण आभाळ खाली आलेलं. सागाची पानं ओली, वाटेवर भुसभुशीत माती, डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगराची भिंत आणि तिच्या पायाशी पाण्याची नाली. माथ्यावरून गाडी वळवून घनश्याम उमरखेडकडं उतरत होता, भीमराज पुढं. एका वळणावर मागचं चाक खड्ड्यात बसलं, म्हणून भीमराज टाळ खिशात घालून मागं आला आणि दगड लावायला लागला. घनश्यामनं इंजिन बंद केलं.

आणि पुढच्या वळणाआडून टाळ वाजला. सावकाश. ये, ये, ये.

"भीमा, ऐकलं का?"

"काय?"

घनश्यामनं मान वर केली. आरशाखालचा टाळ हलत होता. वारा नव्हता.

थोडं खाली गेल्यावर म्हशी राखणारे नागोराव भेटले, घोंगडीची खोळ घेऊन उभे. चिंचखोरीचेच म्हातारे. जीप पाहून म्हणाले, "मोठी बेस बनवली गाडी. अन् तुमचा तो माणूस तं पुढं गेला."

"कोणता माणूस?" भीमराजनं विचारलं.

"टाळ वाजवत गेला थो. तुमच्यातलाच असंल ना."

"कसा होता?"

नागोरावांनी जरा आठवून पाहिलं. "पाठमोरा होता," ते म्हणाले आणि म्हशींना हाकत वर निघाले.

परतताना भीमराज म्हणाला, "थो आरशाखालचा टाळ काढ." घनश्यामला राग आला. आयुष्यभर ज्या आवाजाच्या मागं तो गेला, त्याच्यात वाईट काही असेल हे त्याच्या मनालाच शिवत नव्हतं. "देवाचं वाद्य हाय थे," तो म्हणाला. "असंल कोणी पुढं, तं चांगलाच असंल." टाळ तसाच राहिला.

आषाढात झड लागली. नाला दोन्ही काठांनी वाहू लागला. सोमवारी बाईची पाळी होती, त्या दिवशी डोंगरावर झाड आडवं पडलं आणि गाडी अर्ध्यातून माघारी आली. मंगळवारी दुपारी कुऱ्हाडीनं वाट मोकळी करून दोघं चिंचखोरीत पोचले. बाई खाटेवर बसलेली होती. तोंड सुजलेलं, श्वास लागलेला, ओठ निळसर. स्टुलावरून तिला उचलूनच गाडीत घेतलं. सासूनं चाचपडत दाराशी येऊन विचारलं, "कोण कोण आहे गाडीत?"

"मी अन् भीमराज," घनश्याम म्हणाला.

"अन् इंदूच्या बाजूले बसला थो तिसरा?"

घनश्यामनं इंजिन सुरू केलं. वेळ नव्हता.

डोंगर चढून माथा गाठेपर्यंत ठीक चाललं. बैलमोडच्या तोंडाशी पाऊस असा कोसळला, की काचेवरचे वायपर नुसते पाणी इकडचं तिकडं करत राहिले. भीमराज अंगावर पोतं घेऊन उतरला. "'लो'मधी घाल. मी पुढं चालतो. दिसलो तं ये."

"बाईले पाहा, भीमा. वेळ नाई."

"म्हणूनच सांगून राह्यलो."

टाळ वाजू लागला. घनश्यामनं पाय मागं घेतले. इंजिननं गाडी धरली, ती कण्हत कण्हत उतरू लागली. पोतं दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. बाईचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलेलं होतं.

पहिलं वळण गेलं.

मग पोतं दिसेनासं झालं. टाळ मात्र स्वच्छ येत होता, पावसाला भेदून, पक्क्या लयीत. किती छान हात आहे, असं घनश्यामच्या मनात आलं. इतकी वर्षं टाळ धरून आपल्याला असा हात साधला नाही. ये, ये, ये. तो गेला. डावीकडं, थोडं आणखी डावीकडं.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. भीमराजला लय नव्हती. भीमराज टाळ भांड्यासारखा बडवायचा.

मागच्या फळीवर कुणीतरी थाडथाड हात मारत होतं.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी चिखलावरून घसरली, तिरपी झाली, थांबली. मागून चिखलानं माखलेला भीमराज धापा टाकत उजव्या खिडकीशी आला. हात रिकामे.

"नालीत पडलो. टाळ वाहून गेला. तू माह्या बाजूनं निघून गेला बे, किती बोंबललो."

घनश्यामनं इंजिन बंद केलं.

पावसाचा आवाज. आणि पुढं, बॉनेटच्या अगदी समोर, टाळ.

भीमराजनं कान दिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आता मलेबी येऊन राह्यला."

त्यानं फळीखालची कुऱ्हाड काढली, दांडा पुढं टेकत, चाचपत बॉनेटसमोरून डावीकडं गेला. दोन पावलं. तिसऱ्याला दांडा खाली टेकलाच नाही. वाटेचा डावा अर्धा भाग दरीत गेलेला होता. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर. टाळ त्याच्याही पलीकडून वाजत होता, जिथं पाय ठेवायला काही नव्हतं तिथून.

बाईनं डोळे उघडले.

"घन्या, गाडी काहून थांबवली?"

"रस्ता नाई बाई पुढं."

"कीर्तन सुरू झालं ना. समोर जागा ठेवली थ्यानं माह्यासाठी."

पलीकडचा आवाज थांबला. संपला नव्हता. बुवा पुढचं चरण उचलेपर्यंत टाळकरी हात आवरून धरतात, तसा थांबला. जन्मभराचं भजन पाठ, पण त्या घडीला देवाचं एक नाव घनश्यामच्या ओठावर येईना.

"घन्या," भीमराज खिडकीत तोंड घालून म्हणाला, "माह्याकडं पाहा. कान बंद कर. फक्त माहे हात पाहा."

गाडी इंचाइंचानं मागं घेतली. मग उजवीकडं. उजवी चाकं नालीत उतरली, डावी वाटेच्या उरल्या भागावर. डोंगराच्या भिंतीवर पत्रा खरडत गेला. घनश्याम भीमराजच्या चिखलाच्या हातांकडं पाहत राहिला, दुसरीकडं कुठं नाही. टाळ पुन्हा सुरू झाला होता. आधी डावीकडं, मग जरा मागं. मग बराच वेळ मागं.

दिवेलागणीच्या आत ते उमरखेडला पोचले. दवाखान्यातल्या बेबीताई सिस्टरनी बाईला पाहिलं आणि लगेच मशीन लावायला घेतली. तासाभरानं बाईच्या ओठांना रंग आला. भीमराज बाहेर बाकावर बसला होता, कुणीतरी दिलेला चहा हातात तसाच धरून. घनश्याम बाईच्या उशाशी गेला.

"आता इथंच राहा बाई. हात जोडतो. त्या वाटेनं नाई जायचं."

"सासू उपाशी बसली असंल," बाई म्हणाली. आवाज आता ठणठणीत होता. "सकाळी सोडून दे मले. अन् शुक्रवारी येऊच ना पुन्हा."

"ही मूठ तेवढी सोडाले सांगा यांना, बीपी पाहाचं आहे," बेबीताई म्हणाल्या. "आल्यापासून घट्ट धरून ठेवली आहे."

घनश्यामनं बाईची बोटं एकेक करून उलगडली. तळव्यावर कोळशाची काळी रिंग उमटलेली, आणि रिंगणात पितळी टाळ. एकच. काठाला एका जागी कपचा उडालेला.

आपलाच, आरशाखालचा, असं म्हणत तो उठला. खिडकीतून खाली जीप दिसत होती. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात आरशाखालचा टाळ दोरीला जागच्या जागी लोंबत होता.

"हा कुठून आणला, बाई?"

"थ्यानं देला," बाई डोळे मिटत म्हणाली. "म्हणे, शुक्रवारी सोबत वाजवू."

घनश्यामनं तो तिच्या हातातून काढून घेतला. पावसानं बाईचं सगळं अंग गार पडलेलं होतं, हाताचा तळवासुद्धा. टाळ गरम होता.