मागण्याआधीचा श्वास

नागपूरच्या त्या निद्राशाळेत भर दुपारी रात्र केली जायची. खिडक्यांना जाड काळे पडदे, एसी वीस अंशांवर, आणि काचेपलीकडच्या पलंगावर अंगभर तारा चिकटवलेला एखादा माणूस. आज तिथे दौलत पिंपळशेंडे आडवे झाले होते. नांदझरीच्या कोळसा खाणीत माणसं उतरवणारी लिफ्ट ते चालवत. ड्युटी कायम रात्रीची, म्हणून त्यांची झोप दुपारची, आणि म्हणून तपासणीही दुपारची.

काचेच्या अलीकडे डॉ. वैजयंती पोफळी पेढ्यांचा पुडा उघडून बसल्या होत्या.

"घे तिजारे. माझा सगळ्यात वाईट रुग्ण आज पास होतोय."

डॉ. हेमंत तिजाऱ्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. चांगली बातमी आली की हा गृहस्थ आधी ती उलटसुलट करून बघायचा, बाजारात वांगी बघतात तशी. त्यामुळे निद्राशाळेत तो फारसा कुणाला आवडत नसे.

तीन महिन्यांपूर्वी दौलत इथे पहिल्यांदा आले, तेव्हा झोपेत त्यांचा श्वास तासाला त्रेसष्ट वेळा थांबत होता. अशा माणसाची झोप कधी पुरी होतच नाही. लिफ्टच्या दांड्यावर हात ठेवून त्यांना डुलकी लागली होती, लिफ्ट तळाशी आपटली होती आणि आतल्या दोघांचे पाय मोडले होते. खाणीने शेवटची संधी दिली. रोज किमान चार तास श्वासयंत्राचा मुखवटा लावून झोपायचं, यंत्र परस्पर निद्राशाळेला अहवाल पाठवेल, आणि ज्या दिवशी अहवाल नाही त्या दिवशी लिफ्ट नाही.

सोबत त्यांची बायको वनमालाबाई आल्या होत्या. घोरण्याचा त्रास होतो का, असं पोफळींनी विचारल्यावर त्या हसल्या होत्या.

"तरास कायचा मॅडम? बावीस वर्सं झाले. यांचं घोरणं ऐकल्याबिगर मले झोपच नाही येत. घोरणं थांबलं का मी जागी होतो, अन् हलवतो यांले. मंग घेतात श्वास."

पोफळींनी ते कौतुकाने टिपून ठेवलं होतं. तासाला त्रेसष्ट वेळा थांबणारा हा माणूस आजवर जिवंत कसा, याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं.

"उद्या खाणीचे अधिकारी येतील," पोफळी म्हणाल्या. "त्यांना समजेल असं सांगायचंय. तू अधिकारी हो आणि विचार."

"बरं. साधं श्वासयंत्र काय करतं?"

"झोपेत घसा मिटू नये म्हणून हवेचा दाब देतं. द्विदाब यंत्र दोन दाब देतं. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी, म्हणजे सोडायला जड जात नाही. श्वास थांबलाच तर स्वतःहून एक ढकलतं."

"मग तुमच्या यंत्रात वेगळं काय?"

"आमचं यंत्र माणसाचा श्वास शिकतं. मेंदूच्या तळाशी श्वासकेंद्र असतं, ते प्रत्येक श्वास मागतं. दौलतच्या बाबतीत घसाही मिटतो आणि केंद्रही मागायला विसरतं. आमचं यंत्र केंद्राने मागायच्या पाव सेकंद आधीच श्वास देतं. त्याला आम्ही पूर्वश्वास म्हणतो."

"न मागता मिळायला लागलं की केंद्र मागणंच सोडून देईल ना?"

"रुग्णाचं नाही सोडत. त्याचा श्वास इतका वेडावाकडा असतो की यंत्राचा अंदाज दर पाच-सहा श्वासांना चुकतो. चुकला की केंद्राला स्वतः मागावं लागतं. तेवढा व्यायाम त्याला पुरतो."

"आणि निरोगी माणसाने लावलं तर?"

पोफळींनी कपाळाला आठ्या घातल्या. "ते अधिकारी विचारणार नाहीत. ते फक्त तू विचारतोस."

तिजाऱ्यांनी विचारावं यालाही कारण होतं. तो प्रयोग त्यांनीच निरोगी शेळ्यांवर केला होता. निरोगी श्वास घड्याळासारखा नियमित, त्यामुळे दोन महिन्यांत यंत्राचा अंदाज एकदाही चुकेनासा झाला आणि शेळ्यांच्या श्वासकेंद्राला कामच उरलं नाही. मग यंत्र काढलं. जागेपणी शेळ्या ठणठणीत होत्या, कारण जागेपणी श्वास घ्यायला मेंदूचे इतर भागही मदतीला असतात. पहिली रात्र त्यांनी दचकून दचकून उठत काढली. दुसऱ्या दिवशी त्या दमून झोपल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत.

"मी दौलतचे अहवाल काल नीट पाहिले," तिजारे हळूच म्हणाले. "शेवटच्या महिन्यात यंत्राचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. एकदाही नाही, मॅडम."

"म्हणून तर पेढे आणले!"

"माझ्या शेळ्यांचे अहवाल असेच दिसायचे."

पलीकडून घोरण्याचा आवाज आला. यंत्राने किती फरक पडला ते बघायला दौलत आज मुद्दाम यंत्राशिवाय झोपले होते. ते यंत्र त्यांच्यासोबत आलेल्या पिशवीत, खुर्चीवर होतं. घोरणं चढत गेलं आणि मध्येच तुटलं. मॉनिटरच्या पडद्यावरची श्वासाची रेघ सरळ झाली. दहा सेकंद. वीस. पस्तीस. मग सगळं अंग झटकून एक मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं.

चाळीस मिनिटं दोघं मोजत राहिले. श्वास चव्वेचाळीस वेळा थांबला.

"असल्या श्वासाचा अंदाज महिनाभर न चुकणं शक्यच नाही. हा माणूस नव्वद दिवसांत एकदाही यंत्राखाली झोपलेला नाही," तिजारे म्हणाले.

"मग ते श्वास कुणाचे?" पोफळींनी विचारलं.

त्यांनी दौलतना उठवलं. माणूस सरळ होता, पहिल्याच प्रश्नाला त्याने मान खाली घातली.

"मुखवटा लावला का जीव घाबरते मॅडम. मी एकडाव दोन घंटे ढिगाऱ्याखाली होतो. तसंच वाटते. दुसऱ्याच दिवशी फेकून देल्ला होता. मंग ती म्हणे, द्या इकडं. सोळा सोमवार म्या केले अन् परमनंट तुमी झाले. हेबी तसंच."

"रोज वनमालाबाई लावायच्या?"

"रोज. मी बाजूले झोपो, ती मुखवटा लावून झोपे. रातच्यानं ती जागीच राहे. दर अर्ध्या घंट्यानं मले फोन करे, लिफ्टवर डोळा लागू नये म्हणून. तिच्याच भरोशावर चालवली मी लिफ्ट. चाळीस माणसं राहतात न मॅडम एका खेपेले."

उपास एकाने करावा आणि फळ दुसऱ्याला मिळावं, हा व्यवहार आपल्याकडे इतका जुना आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वनमालाबाईंनी मनोभावे नव्वद दिवस नवऱ्याचा श्वास स्वतः घेतला होता. पोफळींना त्यांचा राग येईना, त्यांना स्वतःचाच राग आला. अहवाल परिपूर्ण होता, आणि परिपूर्ण आहे म्हणून त्यांनी तो बघितलाच नव्हता.

"काल रात्री बाई कशा झोपल्या?"

"झोपली कुठं? आजच्या तपासणीसाठी काल ड्युटी नोती, मशीन मी संध्याकाळीच पिशवीत भरली. डोळा लागला का ती दचकून उठे. म्हणे, कोणी गळा दाबल्यावानी वाटते. मंग बसलीच रातभर."

तिजारे पिशवी उचलून गाडी काढायला धावले. नांदझरी तिथून साडेतीन तासांवर होतं.

पोफळींनी दौलतच्याच फोनवरून, स्पीकर चालू ठेवून, नंबर लावला. सात वेळा वाजल्यावर तो उचलला गेला, तेव्हा त्यांना रडू आवरेना.

"कोण? मॅडम? झाले का हे पास?" आवाज जड होता आणि मागे कूलर घरघरत होता.

"वनमालाबाई, झोपू नका. काहीही झालं तरी झोपू नका. उठून उभ्या राहा, शेजारी जाऊन बसा."

"शेजारी काऊन? कोणाले कळू देऊ नका न मॅडम. यांची लिफ्ट जाईल."

"जाऊ दे ती लिफ्ट!" दौलत ओरडले. "तू बाहीर निंघ आधी!"

"दुपारचे दोन वाजले. मे महिना हाय. सारे दारं लावून कूलरखाली झोपले, कोण उघडते? मी बसलो हो खाटेवर. तुमी काऊन ओरडून राहिले?"

पोफळींनी फोन दौलतच्या हातात दिला. खाणीच्या दवाखान्यात मडावी नावाचे कंपाउंडर होते. ते वीस मिनिटांत क्वार्टरवर पोचले असते आणि चंद्रपूरहून दुसरं यंत्र येईपर्यंत बाईंना हलवत बसले असते. प्रश्न फक्त वीस मिनिटांचा होता.

"तुम्ही बोलत राहा. मडावी दार वाजवेपर्यंत थांबायचं नाही. मी पलीकडे जाऊन त्यांना गाठते."

"बोलतो मॅडम. तिनं नव्वद रात्री मले जागं ठेवलं."

ते पलंगावर बसून बोलू लागले. पहाटे पाचच्या बसमध्ये जागा कशी मिळाली, वर्ध्याच्या पोरीने फोनवर काय सांगितलं, लग्नात मांडवाला आग लागली तेव्हा वनमालाच पाण्याची घागर घेऊन कशी धावली होती. तिकडून "हं" येत होता. एकदा हसूही आलं.

काचेअलीकडे पाठमोऱ्या उभ्या राहून पोफळी दवाखान्याला फोन करत होत्या. मडावी जेवायला घरी गेले होते. घरचा नंबर शोधला. मग त्यांच्या मोटारसायकलची किल्ली सापडेना. मग ती सापडली. क्वार्टर एकशे बारा, शेवटची ओळ, हे दोनदा सांगून झालं. "पाच मिनिटांत पोचतो मॅडम," असं मडावी म्हणाले, आणि पोफळींनी मोकळा श्वास घेतला.

तेव्हा त्यांना मागून घोरणं ऐकू आलं.

दौलतच्या अंगावरच्या तारा कुणी काढल्याच नव्हत्या. खोलीत अंधार होता, एसी वीस अंशांवर होता, आणि ज्याला लिफ्टच्या दांड्यावर हात ठेवून झोप लागते त्या माणसाला पोफळींनी दुसऱ्याला जागं ठेवायला बसवलं होतं. पडद्यावर झोपेच्या लाटा नीट उमटत होत्या. नऊ मिनिटांपासून.

त्या वळेपर्यंत घोरणं तुटलं आणि रेघ सरळ झाली.

पोफळी धावल्या. दौलत उशीवर कलंडले होते, तोंड उघडं, आणि फोन गालाशी तसाच चालू. बावीस वर्षं ज्या आवाजावर वनमालाबाईंना झोप लागत होती, तो नऊ मिनिटं त्यांच्या कानाशी चालला होता. पोफळींनी दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं. त्यांनी आचका देऊन श्वास घेतला आणि काय झालं ते त्यांना क्षणात कळलं.

"वनमाला?"

फोनमधून कूलरची घरघर येत होती. मग तिकडे दाराची कडी वाजली. "ताई, दवाखान्यातून आलो. दार उघडा." पुन्हा कडी वाजली, या वेळी जोरात.

दौलतने फोन तोंडाशी घट्ट धरला.

"वनमाला, थांबलं न वो माझं घोरणं," ते म्हणाले. "ऊठ. हलव मले."

तिकडे मडावी दार वाजवत राहिले.