कोरड्या तोंडाचा सिंह

"उद्या हा मनोरा उतरवायचा!" इंजिनिअर रत्नाकरसर म्हणाले, आणि नागोजी अण्णा मटकन पायरीवर बसले.

शिवाजीनगरजवळच्या त्या लाल विटांच्या टाउन हॉलची अण्णा तीस वर्षं राखण करत होते. टोकदार कमानी, रंगीत काचा, छताच्या चार कोपऱ्यांवरची दगडी सिंहमुखं... सगळं त्यांच्या जिवाभावाचं! आता मनोऱ्याची भिंत आतून ओलीगच्च झाली होती आणि 'छत साफ ठेवलं नाही' असा ठपका त्यांच्यावरच आला होता.

"अण्णा, रडू नका ना!" शेजारच्या गल्लीतला विराट त्यांना बिलगला. त्याची ताई अक्षरा अण्णांशेजारी पायरीवर बसली. सुट्टीसाठी तिच्याकडे आलेली मैत्रीण वेदिका मात्र वर बघत होती.

"अक्षरा, दुपारच्या पावसाचं पाणी तीन सिंहांच्या तोंडातून अजून ठिबकतंय. मनोऱ्याजवळचा चौथा कोरडा कसा?"

"म्हणजे त्याचं पाणी..."

"भिंतीत मुरतंय!" विराट ओरडला. "सर, ऐका ना!"

"जा, तिकडे खेळा!" म्हणत सर फोनवर बोलत निघून गेले.

"अण्णा, छताची किल्ली?" वेदिकानं विचारलं.

"आहे, पुट्टी." लहान मुलींना अण्णा लाडानं कानडीत असंच म्हणत. "पण गुडघ्यांमुळे महिनाभर वर गेलोच नाही," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

"आम्ही आहोत ना! स्वल्प... थोडं सावकाश चढू," अक्षरा म्हणाली. विराटच्या खांद्यावर हात ठेवून अण्णा गोल जिना चढले.

वर चौथ्या कोपऱ्यात पन्हळ तुडुंब भरली होती! अण्णांनी अक्षराचा दंड घट्ट धरला. तिनं पाण्यात हात घालून जोरात ओढलं. बाहेर आलं रंगानं माखलेलं गोणपाट!

"गेल्या महिन्यात खिडक्या रंगवल्या, त्या रंगाऱ्यांचं काम! नव्या रंगावर ओघळ नकोत म्हणून बोळा कोंबला!" अण्णा म्हणाले.

भस्सकन पाणी सुटलं. खालून किंकाळी आली, "अरे, कोण आहे वर?"

रत्नाकरसर नखशिखांत भिजून वर आले. रागानं तोंड उघडलं, पण गोणपाट दिसताच ते उचलून उलटसुलट पाहिलं.

"अण्णा, चूक माझी. पाडायचं ठरवण्याआधी मीच वर यायला हवं होतं. भिंत सुकेल. मनोरा राहील."

"आणि अण्णांवरचा ठपका?" वेदिकानं विचारलं.

"आजच खोडतो. शाबास, पोरांनो! मी बघितलं नाही ते तुम्ही बघितलंत!"

उतरताना अण्णा मनोऱ्यात थांबले. एका विटेवर चार बारीक खळगे होते.

"भाजण्याआधी वीट ओली असताना कुण्या लहानग्यानं हात लावला असेल. आजवर कुणाला दाखवलं नव्हतं."

वेदिकानं त्या खळग्यांत हलकेच बोटं ठेवली. ती बरोबर बसली.