विहिरीकडची वाडी

परदेशात, ताइफच्या इस्पितळात मी चौदा वर्षं नर्स आहे. शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज आटोपून माझा नवरा जाफर घरी येतो, आम्ही जेवतो आणि तो लॅपटॉप उघडून बसतो. दोन वर्षांपासून त्याला घराण्याची वंशावळ लिहायचं खूळ लागलंय. तिच्यात पुरुषांची नावं ठळक, बायका नुसत्या ‘जौजे अमुक’, म्हणजे अमक्याची बायको.

त्या शुक्रवारी त्याने रत्नागिरीहून आलेल्या चार जुन्या कागदांचे स्कॅन दाखवले. घराण्यातल्या चार सुनांचे, पहिल्या शरफुन्निसापासून माझ्या सासूपर्यंत. चौघींनाही निकाहात मेहेर म्हणून, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचा तिच्या हक्काचा ऐवज म्हणून, एकच गोष्ट दिलेली: विहिरीकडची नारळ-पोफळीची वाडी. प्रत्येक कागदावर तेच वाक्य, ‘मी माझा मेहेर खुशीने माफ केला,’ आणि खाली अंगठा. सुनेने मेहेर माफ केला, की वाडी परत घरात, पुढच्या सुनेला द्यायला मोकळी. खानदानी लोक, दुसरं काय!

पाचवी सून मी. माझ्याही निकाहनाम्यात तीच वाडी आहे. म्हातारपणी तिथे घर बांधीन, या एका आशेवर मी इथली नोकरी रेटतेय.

“वाडी घ्यायला रिसॉर्टवाला तयार झालाय,” जाफर म्हणाला. “बिलकिस, तू फक्त माफ कर. अंगठा लाव, खलास.”

“मला सही येते.”

“आमच्यात अंगठाच लावतात.”

माझी सासू शाळेत शिकवायची. दूधवाल्याच्या वहीतसुद्धा झोकात सही करायची. ती कशाला अंगठा लावेल? मी तिचा ठसा स्क्रीनवर मोठा केला. मधोमध तिरपा छेद, दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके. मग बाकीच्या तिघींचे पाहिले. तोच छेद. तेच ठिपके.

चार वेगळ्या घरांतून आलेल्या बायका. पहिला कागद १९१२चा, शेवटचा १९८१चा. स्कॅनरच्या काचेवर डाग असेल म्हणून मी मूळ कागद मागितले. जाफरने पाकीट पुढे सरकवलं. कागद ठिसूळ झाले होते, घड्यांवर फाटले होते. शरफुन्निसाच्या ठशावरून मी बोट फिरवलं.

शाई बोटाला लागली.

मी रोज जखमा बघते. ते ठिपके टाक्यांचे होते.

मान वर केली तेव्हा जाफर अंगठ्याची पट्टी सोडत होता. गेल्या आठवड्यात डाळिंब सोलताना त्याला सुरी लागली होती. आमच्याच इस्पितळात तीन टाके घातले, तेव्हा मी शेजारी उभी होते.

आधी संताप आला. भीती नंतर वाटली.

“मी माफ करत नाही,” मी म्हणाले.

जाफर रागावला नाही. त्याने नवा कागद टेबलावर सरळ केला.

“चालेल,” तो म्हणाला. “कुणीच केला नव्हता.”

आणि त्याने शाईचा पॅड स्वतःकडे ओढला.