चाळीस मिनिटांच्या पुढे

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या धाकट्या जावेच्या घरात घडलं आहे. तेही भर दुपारी. गुरुवार होता, पावणेतीन वाजले होते.

तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. बाळंतपणानंतरची तिची ही पहिली नोकरी, घरून करायची. ती पक्की होणार की जाणार, हे दुसऱ्या दिवशी ठरणार होतं.

काम असं. एका वेबसाइटवर लोक शिकवणीचे व्हिडिओ बघतात. कोणी किती वेळ बघितलं, ते मोजणारा प्रोग्राम तिने लिहायचा. व्हिडिओ चालू असेपर्यंत दर दहा सेकंदांनी एक नोंद येते... इथपर्यंत बघून झालं. व्हिडिओ थांबला की नोंदी थांबतात.

तपासायला लांब व्हिडिओ हवा होता. धाकटीच्या फोनमध्ये गोटूचा, म्हणजे तिच्या आठ महिन्यांच्या बाळाचा, झोपेतला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता. हा झोपेत पालथा कसा होतो ते बघायला तिने एकदा कपाटावर फोन लावून ठेवला होता. तोच तिने चाचणीसाठी वेबसाइटवर चढवला.

कोणाला दिसणार होता? तो बघायचा पासवर्ड एकट्या तिच्याकडे होता.

गोटू आतल्या खोलीत पाळण्यात झोपलेला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. रात्रभराच्या जागरणाने डोळे चुरचुरत होते.

तिने व्हिडिओ बंद केला. पानही बंद केलं.

तरी नोंद आली.

३९:५०... ४०:००...

"संपलं एकदाचं," ती पुटपुटली.

४०:१०.

चाळीसच्या पुढे बघायला काही नव्हतंच.

४०:२०... ४०:३०... बघणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा.

तिने टीमच्या साहेबांना फोन लावला.

"सर, संपलेला व्हिडिओ कोणीतरी पुढे बघतंय."

"भूत असेल! त्याचीही हजेरी लाव." ते हसले. "अगं, लांबीपेक्षा जास्त आलं तर कापून टाक. एका ओळीचं काम. उद्या बारापर्यंत मला स्वच्छ आकडे हवेत. नाहीतर मीही तुझी बाजू घेऊ शकणार नाही, बाई."

दहा मिनिटं ती प्रोग्राममधली चूक शोधत बसली. इतक्यात गोटू कुरकुरला. ती त्याला खांद्यावर घेऊन आली.

नोंदी थांबल्या होत्या. ५२:१० वर.

हुश्श म्हणत तिने त्याला पुन्हा पाळण्यात ठेवलं. परत आली, तर...

५२:२०.

उचललं. थांबलं. ठेवलं.

५२:३०.

आता ती लॅपटॉप हातात घेऊनच आत गेली. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. ती पाळणा आणि कपाट यांच्या मधोमध उभी राहिली.

नोंदी थांबल्या.

एक पाऊल बाजूला सरकली...

५२:४०.

कपाटावर काहीच नव्हतं. फोन तिच्या खिशात होता.

तिने गोटूला उचललं आणि मला फोन केला. मी सगळं ऐकलं आणि म्हटलं, "अगं, झोप नाही म्हणून होतंय असं. साहेब म्हणतात ती ओळ घाल आणि जरा पड."

हो, मीच म्हटलं.

तिने ओळ घातली. आकडा ४०:०० वर आला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी साहेब खूश. नोकरी पक्की.

त्याच संध्याकाळी तिचा पुन्हा फोन.

"ताई, काल निदान कळत तरी होतं गं. आता ते बघतंय की नाही, काहीच कळत नाही."

ती ओळ काढायला बसली, तोवर साहेबांनी चाचणीचं सगळं पुसून टाकलं होतं.

गोटू आता दीड वर्षाचा आहे. ठणठणीत. पण धाकटी त्याला एकटं खाली ठेवत नाही. मांडीवर घेऊनच काम करते, मांडीवर घेऊनच पेंगते. आम्ही समजावून थकलो.

परवा मी गेले होते. म्हटलं, "दे माझ्याकडे. तू जरा पाठ टेक."

दिला तिने. पण म्हणाली, "ताई, खाली ठेवू नकोस हं."

तो झोपला. तासाभरात माझा हात बधिर झाला. शेजारी गादी होती, मऊ, रिकामी. धाकटीही गाढ झोपली होती. तिला कळलंही नसतं.

मला ठेववलं नाही.