बुधीची अर्धी वाट

शिरगावच्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर तात्यांचं घर आहे. लोकसाहित्याचा अभ्यास करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. दुसऱ्या दिवशी हर्षित आणि प्रियंका ही त्यांची दोन विद्यार्थी मंडळी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आतल्या पाड्यांकडे गाणी टिपायला निघणार होती. आदल्या रात्री जेवणं झाली आणि वीज गेली. हर्षित अंधारातच यंत्राचं कार्ड काढून तपासत होता.

"किती जागा आहे त्यात?" तात्यांनी विचारलं.

"पुरेल, तात्या. भरलं तर तिथल्या तिथे काहीतरी उडवू."

तात्या सावरून बसले. मग म्हणाले, "विक्रमही असंच म्हणाला होता. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. ऐका."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

विक्रम मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या एका रसायन कारखान्यात पाळीप्रमुख, राहायला जवळच्या पाम गावात भाड्याच्या घरात. दारू नाही, पत्ते नाहीत. एकच नाद होता, आवाज टिपण्याचा. मुठीत मावेल असं यंत्र घेऊन तो कारखान्याच्या वसाहतीतल्या गणपतीच्या आरत्या, निरोपसमारंभातली गाणी, किल्ल्याखालची लाट, जे मिळेल ते भरून ठेवी. त्याच्या पाळीत मंगळ्या नावाचा कंत्राटी कामगार होता. त्याची आई बुधी गेली. तिच्या दिवसकार्याला पाड्यावरचा गायक झिपरूबाबा रात्रभर गाणार, असं मंगळ्या रजा मागताना बोलून गेला. विक्रमने रजा दिली आणि म्हणाला, "मीही येतो. असं गाणं जपून ठेवलं पाहिजे, मंगळ्या. आता कोण गातंय हे?"

मंगळ्या म्हणाला, "या ना, सायेब."

शनिवार, १८ जानेवारी २०२५. पौष वद्य पंचमी. बोईसर-चिल्हार रस्ता सोडून चार किलोमीटर आत असलेल्या पाड्यावर विक्रम मोटारसायकलने पोहोचला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. यंत्र सुरू करून त्याने पडदा पाहिला. सोळा जीबीचं कार्ड. रिकामं असतं तर सर्वांत वरच्या दर्जात साडेसात तास पुरलं असतं. पण त्यात जुनं बरंच साठलेलं होतं. वेळ उरला होता तीन तास दोन मिनिटं. दुसऱ्या कार्डाची डबी त्याने उघडली. डबी रिकामी. ते कार्ड घरी संगणकातच राहिलं होतं.

उपाय हाताशी होता. दर्जा दोन पायऱ्या खाली आणला असता, तर तेवढ्याच जागेत रात्र मावली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. पण असं दुर्मीळ गाणं आणि ते हलक्या दर्जात? विक्रमला ते पटेना. मध्ये चहाला थांबतीलच, तेव्हा जुनं काहीतरी उडवू, असा हिशेब त्याने केला. वसाहतीतल्या कार्यक्रमांना मध्यंतर असतं. या गाण्याला ते नसतं, हे त्याने कोणाला विचारलं नाही.

रीत पाड्यागणिक बदलते. ही त्या पाड्याची. झिपरूबाबा घांगळी मांडीवर घेऊन बसायचा. दोन भोपळ्यांचं ते तंतुवाद्य, त्याच्यापेक्षा वयाने मोठं. मेलेलं माणूस जिवंतपणी ज्या वाटांनी चाललं, त्या वाटा तो गाण्यात एकेक करून सांगे: उंबरठा, खळं, विहीर, शेताचा बांध, डोंगराची सोंड, नदी, आणि नदीपलीकडचं पूर्वजांचं गाव. प्रत्येक टप्प्यावर थोरल्या मुलाने विचारायचं, "मंग?" तो प्रश्न मुलाचा नसे. त्याच्या तोंडून मेलेलं माणूस पुढची वाट विचारतं, अशी समजूत.

"बाबा, गाणं थोडं आटोपतं घेतलंत तर बरं," विक्रम म्हणाला.

झिपरूने यंत्राकडे पाहिलं. "त्या डबीत किती माणसं मावतात, सायेब?"

बायका हसल्या. विक्रमही हसला.

"हसू नका. मेलेल्याला डोळे नसतात. गाणं ही त्याची काठी हाय. एकदा हातात दिली, की पोचेपर्यंत काढायची नाय."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी घांगळी लागली. विक्रमने हेडफोन कानाला लावले, आणि मी खोटं का सांगू, तात्या म्हणाले, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं ते गाणं नितळ होतं. कोणी टाळी दिली नाही, कोणी उठलं नाही. चहा झाला तो बसल्या जागी झाला आणि गाणं चालूच राहिलं. बुधी घरातून निघाली. विहिरीवर थांबली. परक्यांच्या शेतावर जन्मभर भात लावायला जायची, त्या बांधावरून गेली. मंगळ्या विचारत होता, "मंग?" झिपरू सांगत होता. एक वाजून अडतीस मिनिटांनी ती नदीत उतरली.

"गुडघाभर पाणी, बुधी. पाय रोवून उभी ऱ्हा."

"मंग?"

पडद्यावर चार मिनिटं उरली होती. विक्रमने हात वर केला. "बाबा, एक मिनिट. कार्ड भरलं. फक्त दहा मिनिटं थांबा."

झिपरू थांबला नाही. ओळ संपवून तो नुसता तार छेडत राहिला आणि त्याने मंगळ्याकडे पाहिलं. विक्रमनेही मंगळ्याकडेच पाहिलं. मंगळ्याचा कारखान्याच्या फाटकाचा पास दर महिन्याच्या एक तारखेला विक्रमच्या सहीने नवा होई. पासाचा विषय विक्रमने काढला नाही. काढावा लागला नाही.

"थांब बाबा," मंगळ्या म्हणाला. "सायेबांचं होऊ दे."

"नदीत हाय रे ती."

"दहाच मिनिटं."

झिपरूने तारेवर तळहात ठेवला. तो आवाज विझल्यावर पाड्यावर किती शांतता आहे, ते सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं.

विक्रम काय उडवायचं ते शोधू लागला. फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. म्हणून प्रत्येक फाइल थोडी ऐकावी लागे. एकीत आरत्यांची स्पर्धा. तिच्यात त्याच्या मुलीचा आवाज होता. ती ठेवली. दुसरीत मोठ्या साहेबांच्या निरोपसमारंभातली गाणी. बेसूर. पण साहेबांनी प्रत मागितली होती. तीही ठेवली. किल्ल्याखालच्या लाटा ऐकल्या, उडवल्या, आणि हळहळला. जागा तरीही पुरेना. शेवटी त्याने दर्जाच दोन पायऱ्या खाली आणला. जे नऊ वाजता अर्ध्या मिनिटात झालं असतं, त्याला बावीस मिनिटं लागली होती.

त्या बावीस मिनिटांत एक गोष्ट घडली. कानांवर हेडफोन असल्यामुळे विक्रमला चाहूल लागली नाही, पण नजर वर गेली तेव्हा त्याने ती पाहिली. दाराशी बसलेल्या एका म्हातारीने पाय आखडून घेतले. आपण वाटेत बसलेलो असलो आणि कोणाला जायचं असलं, की घेतो तसे. तिच्या शेजारणीनेही घेतले. मग तिसरीने. ओळीने... दारापासून विक्रमपर्यंत.

दार उघडंच होतं. आत कोणी आलं नव्हतं.

"झालं, बाबा. करा सुरू."

झिपरूने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"मंगळ्या, जिथं उभी केली होती, तिथं नाय ती."

"गा ना, बाबा."

"कोणाला गाऊ?"

"...गा."

तो गायला. नदीपलीकडचा काठ, तिथलं गाव, पूर्वजांची नावं, सगळं रीतसर. मंगळ्या "मंग?" म्हणत राहिला. पण आता तो प्रश्न विचारणाऱ्याचा वाटेना. हजेरीला 'हजर' म्हणावं, तसा वाटे.

पाच वाजता गाणं संपलं. विक्रम निघाला तेव्हा मंगळ्या मोटारसायकलपर्यंत आला.

"आलं का सायेब, सगळं?"

"झकास आलं. अखंड."

मंगळ्या मान डोलावून परत गेला.

पाड्याबाहेर ओढ्यावर एक मोरी आहे. दोन तुकड्यांचा सांधा नीट जुळतो का, हे पाहिल्याशिवाय विक्रमला चैन पडेना. मोरीच्या कठड्यावर बसून त्याने हेडफोन लावले. पहिल्या फाइलचा शेवट. गुडघाभर पाणी, बुधी. पाय रोवून उभी ऱ्हा. मंगळ्याचा आवाज: "मंग?" त्याचंच "बाबा, एक मिनिट." पुढे तारेची किणकिण. मंगळ्याचं "थांब बाबा." फाइल संपली.

"मंग?"

त्याने पडदा पाहिला. काहीही वाजत नव्हतं.

हा आवाज मंगळ्याचा नव्हता. म्हातारा होता. बाईचा होता.

विक्रमने हेडफोन काढले.

"मंग?"

कठड्यावर. शेजारीच...

त्याने गाडी कशी सुरू केली, ते त्याला आठवत नाही. चंद्र मावळतीकडे होता, रस्ता दिसत होता. मागच्या बैठकीवर वजन नव्हतं. आरशात कोणी नव्हतं. पण डांबरी रस्ता आला, तिथे त्याने डावीकडे वळण घेतलं, आणि वळण पुरं होताच मानेमागून शांतपणे, आज्ञाधारकपणे, आवाज आला.

"मंग?"

त्यात राग नव्हता, हे विक्रम पुन्हा पुन्हा सांगायचा. राग असता तर बरं झालं असतं. नव्या कामगाराने मुकादमाला पुढचं काम विचारावं, तसं ती विचारत होती. काठी तिच्या हातातून सुटली होती. ज्याने ती काढायला लावली, त्याचीच पाठ तिने धरली होती.

चढ आला. "मंग?"

उतार. "मंग?"

कारखान्यांचे दिवे दिसू लागले. पिवळे. धुरात. विक्रमला एकदम उमगलं... तो जिथे वळेल, ती तिची वाट होत होती. त्याला ठाऊक असलेल्या वाटा दोनच. एक कारखान्याच्या फाटकाकडे जाणारी. एक घराकडे. घरात बायको होती. मुलगी झोपली होती.

पामच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

कुत्रं नाही. वारा नाही.

"मंग?"

झिपरूने सांगितलेला नदीपलीकडचा काठ त्याच्या खिशात होता. संपूर्ण. हेडफोन लावून एकेक टप्पा तिला सांगता आला असता. हे त्याला तिथे, त्या क्षणी सुचलं होतं, असं त्याने माझ्याजवळ कबूल केलं, तात्या म्हणाले. सुचलं होतं. पण त्याला तीन तास लागले असते. आणि त्याला घरी जायचं होतं.

तो म्हणाला, "संपलं. पुढे काही नाही."

...

...

पुन्हा आवाज आला नाही.

तात्या थांबले. बाहेर समुद्र होता, पण ऐकू येत नव्हता, ओहोटी असावी.

"मंगळ्याला त्यांनी सांगितलं?" प्रियंकाने विचारलं.

"नाही. पेनड्राइव्ह मात्र दिला. पुढच्या एक तारखेला, कारखान्याच्या फाटकाशी. म्हणाला, 'घे, सगळं गाणं आहे, आईची आठवण म्हणून ठेव.' मंगळ्याने तो तळहातावर घेऊन पाहिला आणि विचारलं, 'सायेब, यात आई पोचते का?'"

"मग?" हर्षितच्या तोंडून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

"विक्रमने पासावर सही केली. दुसरं काय करणार? झिपरूला पुन्हा गायला सांगायचं, तर पावसाळ्याआधीच तो गेला. त्याला वाट सांगणारं कोणी नव्हतं."

तात्या उठले. कपाटातून एक लिफाफा काढून त्यांनी हर्षितसमोर ठेवला. आत एक कार्ड होतं. "विक्रमने हे पुसून कोरं केलं. पुन्हा यंत्रात घालायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून माझ्याकडे आणून दिलं. नऊ महिने कपाटात आहे. तुमच्या यंत्रात घालून बघा."

हर्षितने घातलं. पडदा उजळला. फायली: एकही नाही. सोळा जीबीचं, कोरं कार्ड. खाली उरलेला वेळ दिसत होता.

"वाच," तात्या म्हणाले.

"शून्य तास... चार मिनिटं. अकरा सेकंद."

"रेकॉर्डचं बटण दाबलंस?"

"नाही, तात्या."

प्रियंका त्याच्या खांद्यावरून वाकली होती. ती हळूच म्हणाली,

"दहा."