चाकामागची लाल पाचर

माणूस हा मुळात शिखराकडे झेपावणारा प्राणी आहे. पेंटर मात्र त्या दिवशी डोंगरावर आले होते ते घरी पंखे पुसायला काढले होते म्हणून.

घाटातल्या या शर्यतीत गाड्या एकेकट्याच सुटतात. भांडण फक्त घड्याळाशी. दोरीमागे दगडावर बसलेल्या प्रेक्षकाला गाडी चार सेकंद दिसते. उरलेला वेळ धूळ झटकण्यात जातो. पेंटरांनी चांगली जागा धरली होती. तिथून सुरुवातीची चारही वळणं दिसायची. जवळ घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, पांढऱ्या रंगाचा डबा आणि बायकोची ताकीद : "थर्मासचं झाकण हरवलंत तर तिकडेच राहा."

डबा विक्रमाच्या फळ्यासाठी होता. सुरुवातीच्या तंबूबाहेरच्या त्या फळ्यावर शर्यतीतल्या दोन भावांपैकी थोरल्याचं नाव अकरा वर्षं होतं, पेंटरांच्याच हातचं. पुढे थोरल्याची नजर अधू झाली आणि गाडी धाकट्याकडे गेली. त्या सकाळी सरावातच धाकट्याने थोरल्यापेक्षा दोन सेकंद कमी घेतले. चौथ्या वळणापर्यंत त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे एकदाही पेटले नव्हते.

"सरावाची वेळ धरत नाहीत, पेंटरकाका," थोरला हसून म्हणाला होता. "डबा उघडायची घाई नको."

साडेअकराला चौथ्या वळणावर धाकट्याची गाडी सरळ गेली. रस्ता सरळ नव्हता.

दीड वाजता फौजदार वेळ नोंदवणाऱ्यांच्या तंबूत बसले होते. समोर बाकावर गाडीचा मेकॅनिक, म्हणजे पेंटरांचा जावई. हाताला काळं ग्रीस, तोंडाला रंग नाही. मागे त्याची बायको उभी. तिने त्याचा खांदा असा धरला होता, जणू सोडला तर कोणी उचलूनच नेईल. तसं नेणारच होते.

"मागच्या चाकाच्या ब्रेकचा स्क्रू सैल निघालाय," फौजदार म्हणाले. "जुनी गाडी, तेलाची एकच लाइन. पाय दाबला की सगळं तेल बाहेर. तो स्क्रू कोण आवळतं?"

"मीच."

"मग?"

"आवळला होता, साहेब. गेटवर तपासनिसाने ब्रेक बघून सही केलीय."

"गेटनंतर गाडीपाशी कोण होतं?"

"मीच. पण रेघेवर दादा म्हणाले, पाचर मी लावतो, तू वर जाऊन थांब."

सुरुवातीची रेघ चढावर असते. गाडी मागे घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाखाली लाकडी पाचर सरकवतात आणि सुटताना दोरीने ओढून घेतात. चालकाला तोवर ब्रेकवर पाय ठेवावाच लागत नाही.

"दादा म्हणाले!" फौजदारांनी वही मिटली. "त्यांचा भाऊ गेलाय आणि तू त्यांच्यावर ढकलतोस? चल, ऊठ."

"बाबा, बोला ना काहीतरी!" लेक ओरडली. "एरवी गप्प बसा म्हणावं लागतं तुम्हाला!"

 पेंटरांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि कोपऱ्यात बसलेल्या थोरल्याला नेऊन दिला. थोरल्याच्या हातातला रुमाल लाल झाला होता. तंबूच्या दाराशी कोणीतरी हळहळलं, "भावाचं रक्त हो, सख्ख्या भावाचं!"

थोरल्याने चहा घेतला. झाकण परत दिलं. त्यावर अंगठ्याएवढा लाल ठसा उमटला होता.

पेंटर ठशाकडे पाहत राहिले. मग दोरीवरच्या झेंडेवाल्याला विचारलं, "तुम्ही यांना भावाजवळ जाऊ दिलं होतं?"

"छे! दोरीच्या अलीकडेच धरून ठेवलं. चादर घातल्यावर लांबून दाखवलं, तेवढंच."

"साहेब, रक्त दोन तासांत तपकिरी पडतं," पेंटर म्हणाले. "हे अजून लाल आणि चिकट आहे. जरा ती पाचर मागवा."

पाचर आली. एका कोपऱ्यावरचा लाल रंग फुगून सुटला होता आणि आतलं लाकूड दिसत होतं.

"जावईबापूंसाठी मीच रंगवली, आठ दिवसांपूर्वी. खडखडीत वाळली होती. पाण्याने रंग सुटणार नाही, धुळीने नाही. ब्रेकच्या तेलाने मात्र सुटतो आणि धरणाऱ्याच्या हाताला लागतो. ट्रकवाल्यांची सांडासांड पुन्हा रंगवण्यात माझा जन्म गेलाय. म्हणजे तेल रेघेवरच गळत होतं. गेटवर ब्रेक ठीक, रेघेवर गळती. मधे चाकामागे वाकले एकच जण. पाचर ओढून हातात घेतली तीही त्यांनीच."



"मारायचं नव्हतं मला," थोरला शेवटी म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पहिल्या वळणावर वेग कमी असतो. बाहेर गवताच्या गंजी आहेत. ब्रेक दाबला की पाय खाली जाईल, घाबरेल, शर्यत सोडेल. एक वर्ष आणखी राहिलं असतं नाव. मी पहिल्या वळणालाच ब्रेक लावायचो."

"म्हणून तर तो तुमच्या पुढे गेला," पेंटर म्हणाले. "चौथ्यापर्यंत तो ब्रेकला पायच लावत नव्हता. सकाळी तुम्ही फक्त घड्याळ पाहिलंत. मी दिवे पाहिले."

थोरल्याने रुमाल तोंडावर घेतला, मग त्याचा रंग पाहून खाली टाकला.

त्याला नेलं तेव्हा तो फळ्यासमोर क्षणभर थांबला. नाव जागच्या जागी होतं. रंगाचा डबा न उघडता परत जाणार होता.

लेक नवऱ्याच्या छातीशी डोकं टेकून रडत होती.  फौजदारांनी पाचर, रुमाल आणि झाकण वेगवेगळ्या पिशव्यांत घालून लाख लावली.

"तुमचे उपकार आहेत, पेंटर," ते म्हणाले. "काही हवं तर सांगा."

पेंटरांनी बोडक्या थर्मासकडे पाहिलं.

"त्या झाकणाची तेवढी पावती द्या, साहेब. शिक्का मारून. घरी दाखवावी लागेल."